पाच सेकंदांची १५८ वर्षं

शिमग्याच्या आदल्या संध्याकाळी रायगड जिल्ह्यातल्या तळा गावी आमच्या घराच्या ओटीवर मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि फोन थांबत नव्हता. आमच्या गावकीची एक छोटी वेबसाइट आहे. पालखी कुठल्या वाडीत कधी, कुणाच्या दारात किती वाजता, वर्गणी जमा झाली की तिची पावती, एवढाच तिचा पसारा. मुंबईत, ठाण्यात, नालासोपाऱ्यात राहणाऱ्या चाकरमान्यांसाठी ती केलेली. ती चालते मुंबईत भाड्याने घेतलेल्या एका व्हीपीएसवर, म्हणजे एका मोठ्या यंत्रातल्या, आपल्या नावावर केलेल्या कप्प्यावर. त्या संध्याकाळी वर्गणीचं पान उघडायला पंधरा सेकंद लागत होते. एसटीत बसलेला माणूस पंधरा सेकंद पडद्याकडे बघत राहत नाही, तो फोन करतो.

मी सर्व्हरचा लॉग उघडला. नोंदींमध्ये एक गोष्ट खटकली. दोन ओळींमधलं अंतर पाच सेकंद, मग पुन्हा पाच, मग पुन्हा पाच. गर्दीने यंत्र दमलं तर ते कधी तीन सेकंद घेतं, कधी नऊ. इतक्या नेमक्या मापात ते दमत नाही. जिथे आकडा असा गोल आणि पुन:पुन्हा तोच येतो, तिथे कुणीतरी थांबण्याची मर्यादा आधीच लिहून ठेवलेली असते.

ती मर्यादा ज्या फाइलशी बांधलेली असते ती लिनक्स यंत्रावरच्या सर्वांत लहान फाइलींपैकी एक. नाव रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ. आमच्या सर्व्हरवर तिच्यात दोनच ओळी होत्या, दोन नेमसर्व्हरचे पत्ते, भाड्याच्या कप्प्याबरोबर आपोआप आलेले. त्यांतला पहिला मुका झाला होता. दुसरा ठणठणीत होता. पण यंत्र आधी पहिल्याला विचारतं, पाच सेकंद वाट बघतं आणि मगच दुसऱ्याकडे वळतं. शिवाय त्याला काही लक्षात राहत नाही. पहिला मुका आहे हे त्याला प्रत्येक प्रश्नाच्या वेळी नव्याने कळतं. आमचं वर्गणीचं पान उघडताना सर्व्हर तीन नावं एकामागून एक शोधतो, पैसे घेणाऱ्या सेवेचं, मेल पाठवणाऱ्या सेवेचं आणि एसएमएस पाठवणाऱ्या सेवेचं. तीन पंचे पंधरा.

पाच सेकंद आपल्याला एका घोटाएवढे वाटतात. यंत्राला ते कसे वाटत असतील, हे समजायला एक घड्याळ ताणून बघू. सेकंदाचा शंभर कोटीवा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद. तीन गिगाहर्ट्‌झचा साधा प्रोसेसर तेवढ्यात तीन ठोके पूर्ण करतो. त्या नॅनोसेकंदाला आपण आपला एक सेकंद मानू. मग मेमरीतून एक आकडा आणायला यंत्राला साधारण पावणेदोन मिनिटं लागतात. माळ्यावरून डबा काढून आणण्याएवढी. मायक्रोसेकंद होतो सोळा मिनिटं चाळीस सेकंदांचा. मिलिसेकंद होतो साडेअकरा दिवसांचा. आणि पाच सेकंद होतात १५८ वर्षं.

एकशे अठ्ठावन्न वर्षं मागे गेलं की आपण मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला त्या १८६७ सालाच्या आसपास पोहोचतो. म्हणजे तेव्हा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येण्याची वाट आमचा सर्व्हर आज संपवत होता, आणि मग दुसऱ्या दाराशी जाऊन तोच प्रश्न नव्याने विचारत होता. पूर्ण पानाचे पंधरा सेकंद म्हणजे ४७५ वर्षं. तेवढं मागे गेलं तर शिवाजी महाराजांच्या जन्मालाही अजून ऐंशी वर्षं अवकाश आहे.

यात आणखी एक हिशेब गुंतलेला आहे आणि तोच चाकरमान्यांना भोवला. आमच्या सर्व्हरवर पानं तयार करणारे कामगार, म्हणजे पीएचपीच्या प्रक्रिया, एका वेळी पाचच. ही संख्या मूळ मांडणीतच तेवढी येते आणि छोट्या गावकीला ती पुरते. पान अर्ध्या सेकंदात तयार होतं तेव्हा हे पाच जण मिनिटाला सहाशे पानं देतात. प्रत्येक जण पंधरा सेकंद अडकून पडला की मिनिटाला वीस. दोनशे जणांनी एकदम बटण दाबलं तर शेवटच्याची पाळी दहा मिनिटांनी. प्रोसेसर त्या वेळी जवळजवळ रिकामा होता, मेमरी मोकळी होती. सगळे आकडे हिरवे दिसत होते आणि साइट बंद पडल्यात जमा होती.

नाव शोधणं म्हणजे काय, हे तळा तालुक्यातल्या माणसाला दगडावर कोरलेलं दाखवता येतं. राजपुरीच्या खाडीकाठी कुड्याची लेणी आहेत, सव्वीस. त्यांतल्या पहिल्या लेण्यात शिवभूती नावाच्या लेखनिकाचा शिलालेख आहे. तो नुसतं स्वतःचं नाव सांगून थांबत नाही. सुलसदत्त आणि उत्तरदत्ता यांचा मुलगा, महाभोज मांदव खंदपालित याचा लेखक, आणि हा खंदपालित महाभोजी सादगेरी विजया हिचा मुलगा, अशी साखळी तो कोरून ठेवतो. शिवभूतीला कुणी ओळखत नसेल, तरी महाभोजाला ओळखणारा माणूस त्याच्यापर्यंत पोहोचेल. डोमेनच्या नावाची रचना तंतोतंत अशीच आहे. नाव उजवीकडून वाचत जायचं. आधी मूळ, मग डॉट इन किंवा डॉट कॉम, मग घराण्याचं नाव, मग त्या घरातला माणूस. प्रत्येक पायरीवरचा सर्व्हर एवढंच सांगतो, की मला तो माणूस माहीत नाही, पण त्याच्या घराण्याचा पत्ता हा घे. या पायऱ्या आपल्या वतीने चढणारा, उत्तर आणणारा आणि थोडा वेळ लक्षात ठेवणारा मध्यस्थ म्हणजे रिझॉल्व्हर.

ही साखळी १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी बांधली. त्याआधी साऱ्या जाळ्यातली नावं एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत ती फाइल हाताने सांभाळली जाई आणि जगभरचे सर्व्हर तिची प्रत उतरवून घेत. आज नोंदलेली डोमेन छत्तीस कोटींच्या वर आहेत. पण नावांची जी जागा उपलब्ध आहे तिच्यापुढे छत्तीस कोटी म्हणजे काहीच नव्हे. नावाच्या एका तुकड्यात ६३ अक्षरं चालतात, आणि जवळजवळ प्रत्येक जागी सव्वीस रोमन अक्षरं, दहा अंक आणि एक आडवी रेघ यांतलं काहीही. त्रेसष्ट सदतीस एकमेकांशी गुणत गेलं की उत्तर येतं एकावर सुमारे अठ्ठ्याण्णव शून्यं. दिसू शकणाऱ्या विश्वातल्या एकूण अणूंची संख्या शास्त्रज्ञ एकावर ऐंशी शून्यं इतकी धरतात. एका अणूला एक नाव दिलं तरी उरलेल्या नावांच्या साठ्याला ओरखडाही उठत नाही. देवनागरी नावंही याच जागेत बसवली आहेत. २०१४ पासून डॉट भारत वापरता येतं, पण तारेवरून जाताना ‘भारत’ हा शब्द एक्स, एन, दोन आडव्या रेघा आणि पुढे एच-दोन-बी-आर-जे-नऊ-सी असा वेश घेऊन जातो. रिझॉल्व्हरला देवनागरी येत नाही. त्याला हा वेशच ओळखीचा.

साखळीच्या मुळाशी तेरा नावं आहेत, ए पासून एम पर्यंत. तेराच का, याचं कारण एक जुना आकडा. सुरुवातीच्या नियमाप्रमाणे एका उत्तराचा आकार ५१२ बाइटपेक्षा मोठा असू नये, आणि तेरा नावं त्यांच्या पत्त्यांसकट तेवढ्यात बसत होती. आज या तेरा नावांमागे जगभर दीड हजारांहून जास्त यंत्रं उभी आहेत. मुंबईतही आय-रूटची एक प्रत आहे. मला सर्वांत थक्क करतो तो त्यांच्याकडच्या फाइलचा आकार. जगातल्या चौदाशेहून अधिक उच्चस्तरीय नावांचा ठावठिकाणा सांगणारी मूळ फाइल दोन मेगाबाइटच्या आसपास आहे. पालखीचा मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याहून मोठा भरतो.

आता मध्यस्थांकडे येऊ. भाड्याच्या सर्व्हरवर कुठला रिझॉल्व्हर लावावा, असं विचारलं की बहुतेक जण चार आठ सांगतात, ८.८.८.८. गुगलने ही सेवा डिसेंबर २००९ मध्ये सुरू केली. २०१८ साली तिच्याकडे दिवसाला एक लाख कोटीहून जास्त प्रश्न येत होते. एकावर बारा शून्यं. सेकंदाला १ कोटी १५ लाख ७४ हजार. तळा तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४०,६१९ होती. पाळण्यातल्या बाळापासून काठी टेकत चालणाऱ्या आजीपर्यंत प्रत्येकाने एका सेकंदात २८५ नावं विचारायची, पुढच्या सेकंदाला पुन्हा २८५, रात्रभर, वर्षभर, तर हा आकडा गाठता येईल. रायगड जिल्ह्याचे २६ लाख ३४ हजार लोक मदतीला आले तरी प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला चारहून जास्त प्रश्न येतात.

गुगलनंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये ९.९.९.९ आला, क्वाड-नाइन. तो चालवणारी संस्था २०२१ मध्ये स्वित्झर्लंडला गेली. १ एप्रिल २०१८ ला क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आला. हे पत्ते एकेका यंत्राचे नाहीत. तोच पत्ता शेकडो शहरांतून एकाच वेळी जाहीर केलेला असतो आणि जाळं तुम्हाला त्यातल्या त्यात जवळच्या ठिकाणी नेतं. तळ्यात पोस्ट कुठे असं विचारलं तर तळ्याचं दाखवतात, रोह्यात विचारलं तर रोह्याचं.

जवळ असणं किती महत्त्वाचं, तेही ताणलेल्या घड्याळावर बघावं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. तळा ते मुंबई सरळ रेषेत ऐंशी किलोमीटर धरले, तर जाऊन येऊन पाऊण मिलिसेकंद, ताणलेले नऊ दिवस. मुंबई ते सिंगापूर जाऊन येऊन किमान ३९ मिलिसेकंद, म्हणजे सव्वा वर्ष. फ्रँकफर्टला ६६, म्हणजे दोन वर्षांच्या वर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हर्जिनियाला १२९, म्हणजे चार वर्षं. हे निसर्गाने घालून दिलेलं किमान. समुद्राखालच्या तारा वळणं घेत जातात, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्तच. मुंबईतल्या सर्व्हरला मुंबईतलाच रिझॉल्व्हर मिळाला तर उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येतं, ताणलेल्या पंधरा-वीस दिवसांत. पण जाळ्यातला रस्ता वाकडा असेल तर मुंबईचा प्रश्न सिंगापूरला जाऊन येतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून मोजायचं. आणि मोजायचं ते सर्व्हरवर बसून. तळ्यातल्या ओटीवरून फोनच्या रेंजवर मोजलं तर ओटीचं अंतर कळतं, सर्व्हरचं नाही. हे मला निसर्ग वादळाने शिकवलं. ३ जून २०२० ला ते रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि त्यानंतर आमच्याकडे वीज नव्हती, टॉवर मुके होते, रस्त्यावर झाडं आडवी पडली होती. आम्ही पूर्ण तुटलो होतो. मुंबईतल्या त्या कप्प्याला मात्र यातलं काही जाणवलं नाही. तो त्याच्या शेजाऱ्यांना नावं विचारत होता आणि त्याला उत्तरं मिळत होती. रिझॉल्व्हर सर्व्हरच्या शेजारचा हवा. आपण कुठे राहतो, याचा त्या निवडीशी संबंध नाही.

मोजल्यावर लोक सरासरी काढतात, आणि इथे मी हट्टाने वाद घालतो. एक रिझॉल्व्हर घ्या. शंभरातल्या नव्व्याण्णव प्रश्नांना दोन मिलिसेकंदांत उत्तर देतो, शंभरावा हरवतो आणि पाच सेकंद खातो. सरासरी येते ५२ मिलिसेकंद. दुसरा लांबचा आहे, प्रत्येक प्रश्नाला ६० घेतो, कधी चुकत नाही. कागदावर पहिला जिंकला. पण पहिल्याबाबतीत ५२ मिलिसेकंद कुणाच्याच वाट्याला आलेले नाहीत. कुणाला दोन मिळाले, कुणाला पाच हजार. आमच्या पानावर तीन नावं लागतात, म्हणजे शंभरातल्या तीन चाकरमान्यांना निदान एकदा त्या १५८ वर्षांतून जावं लागणार. मेलचं गणित तर याहून कठीण. आलेला एक मेल खरा की खोटा हे ठरवायला सर्व्हर पाठवणाऱ्याचं नाव, त्याच्या सह्या, त्याचा उलटा पत्ता, काळ्या याद्या असं सगळं विचारतो. त्यांतल्या एका तपासणीलाच नियमाने दहा प्रश्नांपर्यंत मुभा आहे. पंचवीस प्रश्न धरले तर पाच मेलमागे एक मेल अडकतो. शंभरात एक ही चूक ऐकायला किती किरकोळ वाटते. मी रिझॉल्व्हर निवडताना आता शंभर नव्हे, हजार प्रश्न विचारतो आणि त्यांतलं सर्वांत वाईट उत्तर वहीत लिहितो.

बलाढ्य सेवा कधी पडत नाहीत असंही नाही. १५ जुलै २०२५ ला आपल्याकडे पहाटेचे ३ वाजून २२ मिनिटं झाली होती, तेव्हा १.१.१.१ हा पत्ता जगाच्या नकाशावरून दिसेनासा झाला. मांडणीतली एक चूक. ४ वाजून २४ मिनिटांनी तो परत आला. बासष्ट मिनिटं. ताणलेल्या घड्याळावर एक लाख सतरा हजारांहून जास्त वर्षं; तेवढ्या काळात माणूस आफ्रिकेतून निघून साऱ्या पृथ्वीवर पसरला. त्याआधी ४ ऑक्टोबर २०२३ ला याच सेवेतल्या काही यंत्रांकडे मूळ फाइलची जुनी प्रत राहून गेली, तिच्यावरच्या डिजिटल सह्यांची मुदत संपली आणि काही तास कित्येक प्रश्नांना उत्तरं मिळाली नाहीत. तीच ती दोन मेगाबाइटची फाइल. यात त्या सेवेला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांनी दोन्ही वेळा काय झालं ते मिनिटामिनिटाने जाहीर लिहिलं, आणि भरवसा ठेवायला मला ते लिहिणं फार मोलाचं वाटतं.

वर्षाला बासष्ट मिनिटं म्हणजे ९९.९८८ टक्के वेळ चालू. याहून चांगलं एकट्याला जमणं अवघड. पण अशा दोन सेवा घेतल्या, त्या खरोखर एकमेकींपासून वेगळ्या असल्या, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा वाटा वर्षाला अर्ध्या सेकंदाहूनही कमी भरतो. बासष्ट मिनिटांवरून अर्ध्या सेकंदावर, तेही एक ओळ वाढवून आणि एक पैसाही न देता. अट एकच, वेगळ्या असल्या तर. ८.८.८.८ च्या खाली ८.८.४.४ लिहिणारे मी पुष्कळ पाहिले. ती एकाच घराची पुढची आणि मागची दारं आहेत. त्या जुलैच्या पहाटे १.१.१.१ बरोबर १.०.०.१ सुद्धा गेला होता.

दुसरी ओळ असूनही आमची संध्याकाळ बुडाली, ती थांबण्याच्या मर्यादेमुळे. ती मर्यादा बदलता येते. त्याच फाइलमध्ये ‘टाइमआउट’ एक सेकंदावर आणता येतो. आणि एक बारकावा, जो कुठेही ओरडून सांगितला जात नाही: फाइलमध्ये पत्ते कितीही लिहा, यंत्र पहिले तीनच वाचतं. चौथा पत्ता लिहून निर्धास्त झोपलेल्या माणसाकडे चौथा पत्ता नसतोच.

त्या रात्री होळी पेटेपर्यंत मी पहिली ओळ खोडली होती आणि साइट धावू लागली होती. खरं काम पुढच्या आठवड्यात केलं. सर्व्हरवरच आमचा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला, अनबाउंड. नेदरलँड्समधल्या एनएलनेट लॅब्ज या संस्थेचा हा मोफत प्रोग्राम. तो कुणा मोठ्या मध्यस्थाला विचारत नाही. मुळापासून स्वतः पायऱ्या चढतो. हे ऐकून लोक घाबरतात, की छोट्याशा कप्प्यात असलं ओझं कशाला. ओझ्याचे आकडे बघा. त्याच्या दोन मुख्य कॅशेंना सुरुवातीला मिळते चार-चार मेगाबाइट मेमरी. डॉट इनचा पत्ता एकदा मुळाकडून मिळाला की तो दोन दिवस, म्हणजे १,७२,८०० सेकंद, लक्षात ठेवायची परवानगी असते. लक्षात असलेलं उत्तर सर्व्हरला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागातच मिळतं, ताणलेल्या अठ्ठावीस तासांत. १५८ वर्षांच्या जागी अठ्ठावीस तास. नवं नाव पहिल्यांदा शोधताना तो बाहेरच्या सेवांपेक्षा हळू असतो, कारण सगळ्या पायऱ्या त्याला स्वतः चढायच्या असतात; पण आमची गावकी रोज तीच पंधरा-वीस नावं विचारते. त्यात आणखी एक सोय आहे. पुढचा सर्व्हर मुका झाला तर मुदत संपलेलं जुनं उत्तर तो तात्पुरतं देऊ शकतो. बहुतेक पत्ते काल होते तेच आज असतात.

मेल असेल तर स्वतःचा रिझॉल्व्हर ही चैन राहत नाही. स्पॅमहाउससारख्या काळ्या याद्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या प्रश्नाला खरं उत्तर देत नाहीत. १२७.२५५.२५५.२५४ असा एक खुणेचा पत्ता परत येतो, अर्थ असा की या मार्गाने विचारू नका. ती खूण ओळखण्याची मांडणी केली नसेल तर सर्व्हर तिला ‘होय, हा माणूस यादीत आहे’ असं समजतो आणि प्रत्येक मेल दारातूनच परत पाठवतो. पावती मिळाली का, असं विचारणाऱ्या माणसाचा मेलसुद्धा.

एक धोका मात्र खरा आहे. हा रिझॉल्व्हर फक्त आपल्याच यंत्राला उत्तर देईल, १२७.०.०.१ वरच ऐकेल, अशी खात्री केलीच पाहिजे. तो बाहेरच्यांना उघडा राहिला तर हल्लेखोर दुसऱ्याचा पत्ता लावून त्याला छोटे प्रश्न विचारतात आणि पन्नासपट मोठी उत्तरं त्या तिसऱ्याच्या डोक्यावर जाऊन पडतात. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउसवरच असा मारा झाला, सेकंदाला सुमारे ३०० गिगाबिट. डीव्हीडीच्या हिशेबात सेकंदाला आठ डीव्हीडी, आणि त्यात वापरलेल्या कित्येक यंत्रांच्या मालकांना आपला रिझॉल्व्हर उघडा आहे हे माहीतच नव्हतं.

प्रोग्राम ताजा ठेवण्याचं कारणही एका आकड्यात आहे. प्रश्नाबरोबर एक क्रमांक जातो आणि उत्तरावर तोच क्रमांक असावा लागतो, म्हणजे ते खरं. क्रमांक ६५,५३६ शक्य. तळा तालुक्याच्या लोकसंख्येच्या दीडपटीहून थोडे जास्त. २००८ साली डॅन कामिन्स्की यांनी दाखवलं, की अस्तित्वात नसलेली नावं विचारत राहिलं तर खोटं उत्तर घुसवण्याच्या संधी संपतच नाहीत. नावं तर एकावर अठ्ठ्याण्णव शून्यं. त्यांनी ही गोष्ट महिनोनमहिने गुप्त ठेवली आणि ८ जुलै २००८ ला बहुतेक सगळ्या कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती दिली. दुरुस्ती अशी, की प्रश्न दर वेळी वेगळ्या पोर्टवरून निघावा. ६५,५३६ ला आणखी चौसष्ट हजारांनी गुणलं गेलं आणि अंदाजाची खोली ४२० कोटींच्या आसपास गेली. पृथ्वीवरच्या निम्म्या माणसांमधून एकाला डोळे मिटून नेमकं उचलण्याएवढी. त्यावर १५ जुलै २०१० पासून मुळाच्या फाइलवर डिजिटल सही असते, आणि अनबाउंड ती तपासतो. सर्व्हरचं घड्याळ चुकीचं असेल तर सह्या मुदतबाह्य वाटतात, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवायची.

आज त्या फाइलमध्ये तीन पत्ते आहेत. आधी आमचाच १२७.०.०.१, मग ९.९.९.९, मग ८.८.८.८, आणि टाइमआउट एक. तीन वेगळी घरं. दर वर्षी शिमग्याच्या आठ दिवस आधी मी एका दुपारी आमचा अनबाउंड मुद्दाम बंद करतो, पुढच्या पत्त्याकडे जाणारे प्रश्नही अडवून ठेवतो आणि नालासोपाऱ्याच्या एका पुतण्याला फोन करून सांगतो, वर्गणीचं पान उघड आणि मोठ्याने मोज.